तिच्या ताटातलं

४ तारीख, सोमवार

टिंग!

उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्याच्या वाडग्यात सोडला आणि तो गोठून काचेसारखा तळाला लागला, की असा आवाज यायचा. तो ऐकला की मी हात वर करायचो आणि भट्टीवरचे चौघे कढई उतरवायचे. एकेचाळीस वर्षं गोळ्यांच्या कारखान्यात मी या आवाजावर पोट भरलं. लोक मला पाकमास्तर म्हणत. कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी सणाची सुट्टी जवळ आली की तो कानात वाजतो. आज चहा ढवळताना वाजला. चहात साखर नव्हती, तेव्हा ढवळायचं तसं काही कारणही नव्हतं.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. म्हणाल्या, "आजोबा, सणाच्या दिवसांत तुमची साखर उड्या मारते. तोंडात जाईल ते रोज इथे लिहायचं. खोटं लिहिलंत तर नुकसान तुमचंच."

मी म्हटलं, "बाई, आयुष्यात वाईट कविता पुष्कळ लिहिल्या, पण खोटं कधी लिहिलं नाही."

त्या हसल्या नाहीत. पुढचा पेशंट खोकत होता.

तर लिहितो. सकाळी पावाचे दोन तुकडे, चहा. दुपारी भाजी, मूठभर भात. संध्याकाळी सूप. एवढ्यासाठी एवढी जाड वही म्हणजे चिमणीला हत्तीची झूल. उरलेल्या जागेत मनातलं लिहीन.

६ तारीख, बुधवार

सकाळी पाव दोन. दुपारी डाळ, भाजी. एक सफरचंद, आंबट निघालं.

घरात आम्ही तिघं. मुलगा ट्रकवर असतो, या दिवसांत तर महिनाभर तोंड दिसत नाही. सूनबाई टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. सण आला की जगातल्या प्रत्येकाला दुसऱ्या प्रत्येकाला काहीतरी पाठवायचं असतं आणि ते सगळं तिच्या हातून जातं. घरी येते तेव्हा बोटांना डिंक आणि सुतळीचे वळ.

तिसरी खारूताई, माझी नात. चौदा वर्षांची. लहानपणी मी कारखान्यातून फुटक्या गोळ्या आणायचो, त्या ती दोन्ही गालांत भरून ठेवायची आणि विचारलं की मान हलवायची, म्हणून हे नाव. आता गोळ्यांकडे बघत नाही. शाळेच्या धावण्याच्या चमूत आहे. तिथल्या सरांनी सुट्टीत काय टाळायचं याची यादी दिली, ती तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. पहिला शब्द 'गोड'. खाली तिने स्वतःच्या अक्षरात आणखी बरीच नावं जोडली आहेत. अक्षर सुरेख, अगदी छापल्यासारखं. पोरीला शिस्त आहे. आमच्या घराण्यात ती कोणालाच नव्हती.

९ तारीख, शनिवार

पाव दोन, सूप. एक अक्रोडाची वडी (तिची).

हा कंस समजावून सांगायला हवा.

सुट्टी लागली. शेजारचे डबे यायला सुरुवात झाली. सूनबाईने तिघांच्या ताटल्या मांडल्या, माझ्या ताटलीत सफरचंदाच्या फोडी, खारूताईच्या ताटलीत वडी.

"मला नको."

"अगं, एक. सणाचं घरात आलेलं गोड परत पाठवायचं का?"

"उद्या खाते."

"उद्या उद्याची येईल. तोंड वाकडं करू नकोस, विष नाही ते."

तेवढ्यात मुलाचा फोन आला आणि सूनबाई आतल्या खोलीत गेली. मी पाहिलं तर पोर खुर्चीत मागे सरकली होती. वडीकडे अशी बघत होती, जणू कोणी ताटात विंचू वाढला आहे.

"आजोबा." तिने ताटली माझ्याकडे सरकवली. "प्लीज."

मी खाल्ली. पाकाला एक मिनिट जास्त झालं होतं, पण अक्रोड चांगले. तिने असा श्वास सोडला, जणू पायातला काटा निघाला. मग माझा हात धरून म्हणाली, "आईला सांगायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ."

"तुम्ही मला वाचवलंत."

तिची आजी गेल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. हात मात्र बर्फ होता पोरीचा.

१० तारीख, रविवार

पाव दोन, भाजी. साखरेत घोळवलेले बदाम, सहा (तिचे).

लहानपणी मला शेजारच्या कुत्र्याची भीती वाटायची. आई मला उचलून कडेवर घ्यायची आणि कुत्रा निघून जायचा. भीतीवर एवढाच उपाय असतो. भ्यायलेल्याच्या पुढून ती वस्तू उचलावी. वर्तमानपत्रांत सणातल्या गोडाबद्दल पानंच्या पानं उपदेश असतो, मन शांत ठेवा, सावकाश चावा. त्यापेक्षा घरात एक आजोबा ठेवावा.

आम्ही पद्धत बसवली आहे. सूनबाई पाणी आणायला वळली की ताटली सरकते. चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून ती तेव्हाच खोकते. आज सूनबाई म्हणाली, "सर्दी झालीय का गं तुला?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो!

१३ तारीख, बुधवार

पाव दोन. तिचा एक पाव. तिचे बटाटे. भाकरीचा अर्धा चतकोर (तिचा). बिस्किटं चार (तिची). डाळ माझी.

आता गोडाशिवाय इतरही थोडं माझ्याकडे येतं. पोट लहान असेल. वाया कशाला घालवायचं?

खारूताई मोठी मायाळू झाली आहे. आज तिने मधाचा केक केला, वजनकाटा घेऊन, ग्रॅमग्रॅम मोजून, आणि जिन्यातल्या सगळ्या घरांत नेऊन दिला. मला मोठा तुकडा. समोर बसून, हनुवटी हातावर टेकून, मी खाईपर्यंत बघत राहिली. "कसा आहे? मऊ आहे? मध कळतोय?" मी विचारलं, "तू?" म्हणाली, "करताना चव घेतली की पोट भरतं." तिची आजीही असंच म्हणायची. सगळा दिवस पाककृतींचं पुस्तक वाचते, आम्ही कविता वाचायचो तसं.

माझा जुना लोकरीचा स्वेटर तिने मागून घेतला. आपल्या दोन स्वेटरांवर तो घालते. स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसताना खाली उशी घेते. राणीसाहेब म्हणून चिडवलं तर रागावली. आणि जिना! दिवसातून दहादा खाली-वर, खाली-वर. विचारलं तर म्हणते, "पत्र आलंय का बघते." पाखरू आहे नुसतं.

१७ तारीख, रविवार

किती लिहू? माझं थोडं, तिचं सगळं. खीर एक वाटी, केक दोन तुकडे, पाव.

तहान फार लागते. दुपारी अक्षरं पुसट दिसतात, या वहीतली ओळ वरच्या ओळीवर चढते आहे. साखरेचं यंत्र काहीतरी भलताच आकडा दाखवतं, म्हातारं झालं असेल, मालकासारखंच. उजव्या पायाच्या करंगळीपाशी नव्या बुटाने फोड आला आहे. दुखत नाही, म्हणजे काही विशेष नाही.

शाळेतले मास्तर छडीने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही साठ पोरं एका सुरात कविता म्हणायचो. त्यांत आई असली की ती हमखास मरायची आणि फूल असलं की कोमेजायचं. आम्ही तरी आनंदाने ओरडायचो, कारण कवितेच्या तासाला गणित नसायचं. त्या कवितांत एक मुलगी असायची. फिकट, हलकी, चालली तर गवत वाकत नाही अशी. आज दुपारी उन्हात खारूताई खिडकीपाशी उभी होती. ऊन तिच्या कानातून आरपार येत होतं, हातावरची बारीक लव सोनेरी दिसत होती. मला ती सगळी कडवी आठवली. डोळे भरून आले. किती सुंदर दिसते पोर.

मोरीच्या जाळीत केसांचा पुंजका अडकला होता, तो काढला. सूनबाईला मी कितीदा सांगितलं, केस मोकळे सोडून विंचरू नकोस.

१९ तारीख, मंगळवार

तिचं सगळं.

संध्याकाळी सूनबाई ताटं धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "बाबा, ती बारीक झालीय का हो?"

"वय आहे. या वयात पोरी उंच होतात, रुंद नाही."

"दिवसभर मी घरात नसते. म्हणून तुम्हाला विचारते. जेवते ना नीट?"

"तू बघतेसच की."

"हो, ताट तर लख्ख असतं." तिने एक ताट दिव्यासमोर धरून पाहिलं. "ते बघूनच धीर येतो मला."

मी हो म्हटलं. पण नंतर वही उघडली. वर 'तिचं सगळं' लिहिलं आहे, ते शब्द जरा विचित्र दिसतात. शपथ घेतली आहे. आणि तिच्या भीतीला या घरात माझ्याखेरीज कोण आहे? सणाचे चार दिवस सरले की सगळं ताळ्यावर येईल.

२१ तारीख, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पाय पाहिला आणि खुर्ची मागे सारून उभ्याच राहिल्या.

"हा फोड कधीचा?"

"आठवडा झाला असेल."

"दुखत नाही म्हणून दाखवला नाहीत? तुमच्या पायाला दुखलेलं कळत नाही, आजोबा. चारदा सांगितलं आहे. काय खाताय? वही कुठे?"

"घरी राहिली."

वही माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती.

त्यांनी सूनबाईला फोन लावला. गोडाचा एक कणही नाही, पाय टेकायचा नाही, रोज मलमपट्टी. करंगळी वाचेल की नाही ते दोन आठवड्यांनी. मला करंगळीचं काही वाटलं नाही. मनात एकच आलं, उद्या सणाचं जेवण आहे. उद्या तिच्या ताटातलं कोण खाणार?

२२ तारीख, शुक्रवार. सणाचा दिवस

आज घडलं ते सगळं लिहितो.

सूनबाईने मला टेबलाच्या या टोकाला बसवलं, पाय स्टुलावर. खारूताई त्या टोकाला. मधे ती स्वतः. आज रजा होती तिची, पाणी आणायला वळण्याचा प्रश्नच नव्हता, तांब्या टेबलावरच होता. सगळे पदार्थ तिने पहाटे उठून केले होते. पोरीच्या ताटात केकचा तुकडा ठेवला, वर मध घातला.

"आज तुझ्या हातचा नाही, माझ्या हातचा. बघ तरी."

खारूताईने काटा उचलला. ठेवला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा उचलला. सगळं निवत चाललं होतं. सूनबाई आधी हसत होती, मग हसू गेलं.

"एक घास, राणी. एकच."

"नाही जात गं आई."

"रोज तर जातं!"

पोर रडायला लागली, आवाज न करता, आणि रडताना सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. मला राहवलं नाही. पाय खाली टेकला, उठलो, टेबलाच्या कडेकडेने गेलो आणि तिच्या ताटातला तो तुकडा उचलून सबंध तोंडात कोंबला.

सूनबाई किंचाळली, "बाबा! मरायचंय का तुम्हाला?"

खारूताई खुर्ची ढकलून पळाली. दार, मग जिन्यावर पावलं, खाली, वर, खाली. मग पावलं थांबली. मग काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. मोठा आवाज नव्हता. कोटाची घडी जमिनीवर पडावी तेवढाच.

२३ तारीख, शनिवार

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "ही किती दिवसांपासून जेवत नाहीये?"

सूनबाई म्हणाली, "जेवते हो. रोज जेवते. मी डोळ्यांनी बघते, ताटात शीत राहत नाही."

"शक्य नाही. हृदय फार मंद चाललंय. हे दोन दिवसांचं काम नाही."

"मी आई आहे तिची! मी खोटं सांगेन का?"

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी चाकाच्या खुर्चीत होतो. म्हातारा माणूस गप्प बसला तर त्याला ऐकू येत नाही असं लोक समजतात. मी तसंच समजू दिलं.

त्यांनी तिच्या अंगावरचा माझा स्वेटर काढला. त्याखालचे दोन काढले. मी मान फिरवली. ती कवितेतली मुलगी शेवटच्या कडव्यात कुठे जायची, हे मला मागच्या रविवारीच आठवायला हवं होतं. साठ पोरं ओरडून म्हणायचो.

घरी येऊन वही पहिल्यापासून वाचली. अक्रोडाची वडी, एक. बदाम, सहा. पुढे पाव, बटाटे, भाकरी, डाळ, खीर. माझ्या साखरेसाठी लिहीत होतो. लिहिलं गेलं ते तिच्या उपासाचं, तारीखवार.

२४ तारीख, रविवार

वही फाडावी असं सकाळी एकदा मनात आलं. ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा येणार नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सूनबाईच्या हातात वही दिली. म्हटलं, "डॉक्टरांना दे. पण आधी तू वाच." ती उभ्याउभ्या वाचत गेली. तेरा तारखेच्या पानापाशी बाकावर बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी रोज ती ताटं धूत होते, बाबा," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने, "तुम्हाला तिचं वाईट करायचं नव्हतं, ते मला कळतं. पण आत्ता माझ्याशी बोलू नका."

डॉक्टरने वही तिथेच वाचली, दोनदा. त्याला हवं ते सगळं मिळालं म्हणाला, कधी सुरू झालं, काय आधी सुटलं, काय नंतर. मग माझ्यासमोर उकिडवा बसला. मला नातू शोभेल अशा वयाचा पोरगा.

"आजोबा, ताट उचललंत तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं. तीच तर गोम आहे. दर वेळी पुढचा घास तिला आणखी भीतीचा झाला. तिच्याऐवजी खाऊ नका. तिच्याबरोबर बसा. ती रडेल, तुम्हाला वाट्टेल ते बोलेल. तरी ताट तिच्यासमोरच राहू द्यायचं आणि आपण उठायचं नाही. जमेल?"

मी म्हटलं, "मला उठताच येत नाही आता."

तोही हसला नाही.

आत गेलो. नळ्या, यंत्र. खारूताईने डोळे उघडले.

"तुम्ही सांगितलंत."

"हो."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

२७ तारीख, बुधवार

पाव दोन, भाजी, डाळ. सगळं माझं.

वही परत मिळाली. सूनबाई कामाआधी आणि कामानंतर इस्पितळात जाते, मला दुपारी शेजारचा रिक्षावाला नेतो. माझं बिनसाखरेचं जेवण डब्यात घेऊन मी पोरीच्या खाटेशी बसतो. तिच्यासमोर ताटली असते, माझ्यासमोर डबा. काल एक तास दोघांनीही हात लावला नाही. आज नर्सने चमचा धरला आणि खारूताईने दोन घास घेतले. गिळताना तिच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. मला म्हणाली, "बघताय काय? जा ना." तिचा हात ताटली सरकवायला निघाला होता, माझ्या बाजूलाच, सवयीने. मीही सवयीने पुढे झालो. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो.

डॉक्टर म्हणतो, महिने लागतील, आणि खात्री देत नाही.

३० तारीख, शनिवार

पाव एक. भूक नव्हती.

आज इस्पितळात गेलो नाही. करंगळी काळी पडली, ती काढावी लागणार आहे, सोमवारी. तोवर हलायचं नाही असा हुकूम. सूनबाई सकाळपासून तिकडे आहे. जाताना माझ्यापाशी पाणी ठेवून गेली, "चार वाजता पट्टीवाली येईल, दार उघडाल ना?" सहा दिवसांत आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य. मी दिवसभर ते पुरवून पुरवून ऐकलं.

तीनलाच घंटी वाजली. पट्टीवाली लवकर आली असं समजून काठी घेतली आणि भिंत धरत दारापर्यंत गेलो.

दारात एक मुलगी होती. खारूताईच्याच वयाची, कधी न पाहिलेली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड कोट, बाह्या इतक्या लांब की बोटं दिसत नव्हती. त्या बाह्यांत एक पत्र्याचा डबा धरला होता. जिना चढून आलेल्या माणसाला दम लागतो तसा तिला लागला होता, पण तोंडावर रंग नव्हता.

"तुम्ही तिचे आजोबा ना? मी तिच्याबरोबर धावते."

"ती घरी नाही, बाळ. इस्पितळात आहे."

"माहितीये." तिने जिन्याकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई खाली गाडीत आहे. तिला वाटतंय मी नुसती विचारपूस करायला आलेय. पण हे माझ्या वाट्याचं आहे. आजचं. संपवल्याशिवाय ती मला सोडणार नाही."



"ती सांगायची, तुम्ही खाता म्हणून." डबा तिने पुढे केला. झाकण नीट बसलेलं नव्हतं, आतून लोण्याचा आणि साखरेचा वास आला. "आणि कुणाला सांगत नाही."

हात पुढे होतच होता. मी तो मागे घेऊन काठीवर ठेवला आणि दार सताड उघडलं.

"आत ये," म्हटलं. "आणि आधी तिथूनच आईला हाक मार. वर बोलाव तिला."

तिने डबा छातीशी ओढला. पळाली असती तर मला एक पायरीही उतरता आली नसती. म्हणून मी भिंत धरत दाराबाहेर आलो, जिन्याच्या कठड्यावरून वाकलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून खालच्या गाडीतल्या त्या बाईला मीच हाक मारली.